‘थोडं दुखेल’ एवढ्याने भागत नाही : मानेतील इंजेक्शननंतरची खांदेदुखी

मानेत इंजेक्शन घेऊन तुम्ही घरी येता. निघताना सांगितलेले असते, “थोडं दुखेल, घाबरू नका.” पहिले काही तास खरोखरच बरे जातात. हात हलका वाटतो, मान वळते. रात्री मात्र खांदा ठणकू लागतो. कूस बदलता येत नाही, हात कुठे ठेवावा ते कळत नाही. मग प्रश्न सुरू होतात. इंजेक्शन चुकीच्या जागी गेले का? नस दुखावली का? पैसे वाया गेले का? शेजारचे काका म्हणतात, “मानेत सुई घ्यायचीच नसते.” मावशी मालिशवाल्याचा नंबर देतात. ‘थोडं’ म्हणजे किती, हे मात्र कोणीच सांगितलेले नसते.

आमच्या ठाकूरद्वार-चिराबाजार भागात मानेची दुखणी काही कमी नाहीत. झवेरी बाजारात दिवसभर मान खाली घालून दागिने घडवणारे कारागीर, पोळीभाजी केंद्रात शेकड्याने पोळ्या लाटणाऱ्या ताई, शिलाई मशिनवर वाकलेले टेलर, लॅपटॉपची बॅग एकाच खांद्याला लावून चर्नी रोडहून लोकल पकडणारे नोकरदार, असे सगळेच त्यात आहेत. यांतल्या अनेकांचा हातावर पोट असा हिशेब असतो. इंजेक्शननंतर खांदा दुखला तर एक दिवस सुट्टी घ्यायची की आठ दिवस, हा त्यांच्यासाठी घरखर्चाचा प्रश्न असतो.

म्हणून माझे मत सुरुवातीलाच स्पष्ट सांगतो. ‘थोडं दुखेल’ हा सल्ला अपुरा आहे. कोणते दुखणे अपेक्षित, ते किती दिवस राहील, कुठवर घरी सोसायचे आणि कोणत्या क्षणी रुग्णालय गाठायचे, हे कागदावर लिहून रुग्णाच्या हातात दिले पाहिजे. डॉक्टरांनी दिले नाही, तर तुम्ही मागितले पाहिजे.

सुई मानेत, मग कळ खांद्यात का?

मानेत सात मणके असतात आणि त्यांच्यामधून दोन्ही बाजूंना नसांच्या आठ जोड्या बाहेर पडतात. त्यांतल्या काही नसा खांद्याकडे आणि हाताकडे जातात. चौथी नस खांद्याच्या वरच्या भागाची संवेदना सांभाळते. पाचवी नस खांद्याच्या बाहेरच्या बाजूची त्वचा आणि हात वर उचलणारा स्नायू सांभाळते. मणक्यांच्या मागचे छोटे सांधे सुजले, तरी त्यांचे दुखणे मानेखाली, खांद्यावर आणि फऱ्याजवळ जाणवते.

जुन्या चाळीच्या वायरिंगसारखेच हे आहे. बिघाड तळमजल्यावरच्या मीटरपाशी असतो आणि दिवा तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत मिणमिणतो. दिवा बदलून उपयोग होत नाही. म्हणूनच खांदा दुखत असताना डॉक्टर कधी कधी मानेत इंजेक्शन देतात, आणि मानेत सुई टोचल्यावर कळ खांद्यात उमटते. कळ खांद्यात आली म्हणजे सुई चुकली, असे होत नाही.

तुम्ही घेतलेले इंजेक्शन नेमके कोणते?

‘मानेतले इंजेक्शन’ हे एकच नाव आपण चार वेगळ्या गोष्टींना देतो.

पहिले, स्नायूतील दुखऱ्या गाठीत दिलेले. हे मान आणि खांदा यांच्यामधल्या जाड स्नायूत देतात. अनेकदा दवाखान्यातच होते.

दुसरे, मणक्यांच्या मागच्या छोट्या सांध्यांजवळ किंवा त्या सांध्यांच्या बारीक नसांजवळ दिलेले.

तिसरे, एपिड्युरल. मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर जी जागा असते, तिथे औषध सोडतात. हातात जाणारी कळ कमी करण्यासाठी हे देतात.

चौथे, एका विशिष्ट नसेच्या मुळाशी दिलेले. नेमकी कोणती नस दुखते हे ठरवण्यासाठीही याचा उपयोग होतो.

बहुतेक वेळा यांत दोन औषधे असतात. एक बधिर करणारे, ज्याचा परिणाम काही तास टिकतो. दुसरे स्टिरॉईड, ज्याचा परिणाम दिसायला दोन दिवसांपासून आठवडाभर, कधी दोन आठवडेही लागतात. स्नायूतल्या गाठीत कधी कधी नुसते बधिर करणारे औषधच देतात. खांद्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी हात बधिर करण्यासाठी मानेच्या बाजूला देतात ते इंजेक्शन वेगळे; त्याचा विचार या लेखात केलेला नाही.

चारही इंजेक्शनांचे धोके आणि नंतरची काळजी सारखी नसते. तेव्हा ‘मानेत सुई घेतली’ एवढेच लक्षात ठेवू नका. यांतले कोणते, हे विचारून घ्या.

दुखणे वाढते ते कशामुळे?

सर्वांत नेहमीचे कारण अगदी साधे आहे. बधिर करणारे औषध उतरलेले असते आणि स्टिरॉईडचा परिणाम अजून सुरू झालेला नसतो. मधल्या एक-दोन दिवसांत तुमचे जुने दुखणे परत येते. सकाळी बरे वाटल्यामुळे रात्रीची कळ जास्तच बोचते.

दुसरे कारण म्हणजे सुईचा मार. सुई त्वचा आणि स्नायू पार करून गेलेली असते. तिथे एक-दोन दिवस ठणका राहतो, दाबल्यावर दुखते.

तिसरे, काही जणांना स्टिरॉईडमुळेच तात्पुरती चिडचिड होऊन दुखणे वाढते. साधारण एक ते तीन दिवसांत ते आपोआप उतरते.

चौथे, भीती. दुखेल या भीतीने आपण खांदा कानाकडे ओढून धरतो आणि हात पोटाशी बांधल्यासारखा ठेवतो. स्नायू आखडतात आणि त्या आखडण्याचे वेगळे दुखणे सुरू होते.

या चारही प्रकारांत एक गोष्ट समान आहे. दुखणे पहिल्या दोन-तीन दिवसांत वर जाते आणि मग हळूहळू उतरते. हाताची ताकद पूर्वीइतकीच राहते. ताप नसतो. तुमचे दुखणे या वर्णनात बसत असेल तर काळजीचे कारण सहसा नसते. बसत नसेल, तर पुढची यादी नीट वाचा.

ही लक्षणे दिसली तर सकाळची वाट पाहू नका

गंभीर त्रास क्वचितच होतात, पण झाले तर काही तासांचा उशीरही महागात पडतो.

– हातात किंवा पायात नव्याने आलेला अशक्तपणा, चालताना तोल जाणे, लघवी अडणे किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटणे. मज्जारज्जूजवळ रक्त साचून दाब पडल्यास असे होऊ शकते. इंजेक्शनच्या दिवशी बधिर औषधामुळे हात काही तास जड वाटू शकतो. तो जडपणा वाढत गेला, पायांत उतरला किंवा डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेनंतरही राहिला तर थांबू नका.

– बोलताना जीभ अडखळणे, तोंड वाकडे होणे, अचानक अंधारी येणे किंवा दिसेनासे होणे.

– थंडी वाजून ताप, मान ताठ होणे, सुईच्या जागी लाली, सूज किंवा पू. जंतुसंसर्गाची ही लक्षणे बऱ्याचदा काही दिवसांनी दिसतात. ‘इंजेक्शनला तर आठवडा झाला’ म्हणून त्याचा संबंध नाही असे समजू नका.

– बसले की वाढणारी आणि आडवे झाले की उतरणारी तीव्र डोकेदुखी. मज्जारज्जूच्या आवरणाला छिद्र पडून पाणी झिरपत असेल तर अशी डोकेदुखी होते. तिच्यावर उपाय आहे, पण डॉक्टरांना कळवावे लागते.

– धाप लागणे किंवा श्वास घेताना छातीत टोचणे. फुप्फुसाचे वरचे टोक मानेच्या पायथ्यापर्यंत येते. खांद्याजवळच्या स्नायूत सुई देताना क्वचित फुप्फुसाच्या आवरणाला इजा होऊन हवा साठते.

– छातीवर दडपण, दरदरून घाम, मळमळ आणि त्यासोबत खांद्यात किंवा हातात कळ. हे हृदयविकाराचे लक्षण असू शकते. विशेषतः पन्नाशी ओलांडलेल्या, मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या माणसाने अशी कळ ‘इंजेक्शनची असेल’ म्हणून झोपून काढू नये. इंजेक्शन कालच झाले म्हणून हृदय आज सुट्टीवर नसते.

अशा वेळी डॉक्टरांचा फोन लागत नसेल तर १०८ वर रुग्णवाहिका बोलवा किंवा थेट तातडीच्या विभागात जा. ठाकूरद्वारहून जी. टी., जे. जे. आणि नायर ही तिन्ही सार्वजनिक रुग्णालये फार लांब नाहीत. जाताना इंजेक्शनचा कागद सोबत घ्या.

आणखी एक आजार सांगतो, कारण तो पटकन लक्षात येत नाही. काही दिवसांनी खांद्यात अचानक असह्य कळ सुरू होते. ती ओसरत असतानाच हात उचलण्याची ताकद जाते आणि खांद्याचा स्नायू वाळू लागतो. पार्सनेज आणि टर्नर या डॉक्टरांनी १९४८ साली या आजाराचे सविस्तर वर्णन केले. नसांच्या जाळ्याला आलेल्या सुजेमुळे हा आजार होतो आणि जंतुसंसर्ग, लसीकरण, शस्त्रक्रिया अशा घटनांनंतर तो दिसू शकतो. तो दुर्मीळ आहे. पण ‘दुखणे गेले, ताकदही गेली’ असे वाटले तर त्याला बरे होणे समजू नका. लगेच दाखवा.

पहिले तीन दिवस घरी काय करावे?

इंजेक्शनच्या दिवशी आराम करा, पण अंथरूण धरू नका. चोवीस तास गाडी चालवू नका, दुचाकी तर नाहीच. सुईची जागा दिवसभर कोरडी ठेवा. दुसऱ्या दिवशी साधी आंघोळ चालेल. पोहणे दोन दिवस टाळा.

ठणका असेल तर बर्फ रुमालात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटे शेका. दिवसातून तीन-चार वेळा असे करता येईल. पहिल्या दिवशी त्या जागेवर गरम पाण्याची पिशवी ठेवू नका.

गोळी लागली तर पॅरासिटामॉल सर्वांत सुरक्षित. मोठ्या माणसाला ५०० किंवा ६५० मिलिग्रॅमची एक गोळी, दोन गोळ्यांत किमान सहा तासांचे अंतर, आणि चोवीस तासांत सर्व मिळून ३ ग्रॅमपेक्षा जास्त नाही. सर्दी-तापाच्या अनेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते, तेही या हिशेबात धरा. यकृताचा आजार असेल किंवा रोज मद्यपान होत असेल तर आधी विचारा. दुकानातून स्वतःहून घेतलेल्या इतर वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाचा आजार, पोटातील अल्सर किंवा रक्त पातळ करणारी औषधे सुरू असलेल्यांना त्रासदायक ठरतात.

मालिश नको. मान झटक्याने मोडून घेणे तर अजिबात नको, मग तो हाडवैद्य कितीही नावाजलेला असो. डॉक्टरांनी सांगितले नसेल तर मानेचा पट्टाही दिवसरात्र बांधून बसू नका. त्याने स्नायू आणखी आळसावतात.

झोपताना पाठीवर झोपा आणि दुखऱ्या हाताखाली घडी घातलेली चादर ठेवा, म्हणजे खांदा लोंबकळत नाही. कुशीवर झोपायचे तर न दुखणाऱ्या कुशीवर, दुखरा हात समोर उशीवर. डोक्याखाली एकच उशी ठेवा. दहा बाय बाराच्या खोलीत चौघे झोपत असले, तरी एक जादा चादर मिळतेच.

खांदा मात्र हलता ठेवा. टेबलाला न दुखणाऱ्या हाताने धरा, थोडे वाका, दुखरा हात सैल सोडा आणि घड्याळाच्या लंबकासारखा हळू झुलवा. एक-दोन मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा. कळ वाढली तर थांबा.

आठवडाभर काही कामे दुसऱ्यावर सोपवा. पाण्याच्या भरलेल्या बादल्या उचलणे, उंच वळणीवर काठीने कपडे टाकणे, माळ्यावरचा डबा काढणे, लोकलमध्ये त्या हाताने वरची कडी धरून लटकणे, हे सगळे टाळा. पाडव्याच्या शोभायात्रेत ढोल वाजवायचा किंवा ध्वज नाचवायचा असेल तर इंजेक्शनची तारीख ठरवतानाच डॉक्टरांना सांगा.

मधुमेह आणि रक्त पातळ करणारी औषधे

स्टिरॉईड मानेत दिले तरी थोडे रक्तात मिसळते. त्यामुळे मधुमेह असलेल्यांची साखर काही दिवस, कधी आठवडा-दीड आठवडाही, वाढलेली राहू शकते. घरी ग्लुकोमीटर असेल तर दिवसातून दोनदा तपासा आणि आकडे लिहून ठेवा. साखर सतत चढी राहिली, खूप तहान लागली, लघवी वाढली तर मधुमेहाच्या डॉक्टरांशी बोला. औषधाची मात्रा स्वतः बदलू नका. चेहरा लालसर होणे, दोन रात्री झोप न लागणे हेही स्टिरॉईडमुळे होते आणि आपोआप जाते.

रक्त पातळ करणारी गोळी इंजेक्शनसाठी बंद केली असेल, तर ती पुन्हा कधी सुरू करायची याची तारीख लिहून घ्या. गोळी कधी बंद करायची हे सगळे विचारतात, पण ती परत कधी घ्यायची हे विचारायचे राहून जाते. हृदयात स्टेंट असलेल्या माणसासाठी ही विस्मृती खांदेदुखीपेक्षा कितीतरी धोक्याची आहे.

दुखणे मुळात खांद्याचेच असेल तर?

दोन आठवडे झाले, तरी काहीच फरक नाही. तेव्हा ‘आणखी एक इंजेक्शन घेऊ’ म्हणण्याआधी एक प्रश्न विचारावा, असे मला ठामपणे वाटते. दुखणे नक्की मानेचेच आहे का?

चाळिशी-पन्नाशीनंतर कोणाच्याही मानेचा एमआरआय काढला तर त्यात झिजलेल्या चकत्या, थोडी सरकलेली गादी, वाढलेले हाड असे काहीतरी सापडतेच. ज्यांची मान कधीच दुखली नाही अशांच्या चित्रातही ते दिसते. त्यामुळे चित्रात झीज आणि खांद्यात दुखणे, एवढ्यावरून दोन्हींची गाठ मारणे धोक्याचे आहे. ‘फ्रोझन शोल्डर’ म्हणजे आखडलेला खांदा मधुमेहींमध्ये जास्त आढळतो. खांद्याचे स्नायूबंध झिजणेही सर्रास दिसते. तिथे मानेतल्या इंजेक्शनचा उपयोग होत नाही.

घरी दोन खुणा पाहता येतात. या खुणांवरून पक्के निदान होत नाही, पण डॉक्टरांना सांगायला माहिती मिळते.

दुखऱ्या बाजूचा हात डोक्यावर ठेवा. कळ कमी झाली तर दुखणे मानेतल्या नसेचे असण्याची शक्यता वाढते, कारण त्या स्थितीत नसेवरचा ताण उतरतो. खांदाच आजारी असेल तर हात वर नेताना उलट जास्त दुखते.

दुसरी खूण. कोपर कमरेला चिकटवा, काटकोनात वाकवा आणि पंजा बाहेरच्या बाजूला फिरवा. तो दुसऱ्या हाताइतका बाहेर जात नसेल आणि घरातल्या कोणी हळूच फिरवून पाहिला तरी अडकत असेल, तर खांद्याचा सांधा आखडला असावा.

यांतले काही आढळले तर पुढच्या भेटीत स्पष्ट सांगा, “डॉक्टर, माझा खांदाही तपासा.” यात अपमान वाटण्यासारखे काही नाही. चांगला डॉक्टर यावर खूशच होतो.

दोन आठवड्यांची वही

एक छोटी वही करा. दुखण्याला शून्य ते दहा असे गुण द्या. इंजेक्शनच्या आधी, नंतर दोन तासांनी, रात्री, दुसऱ्या, तिसऱ्या, सातव्या आणि चौदाव्या दिवशी. शेजारी एक ओळ लिहा: आज काय जमले? केस विंचरता आले? शर्ट घालता आला? किती पोळ्या लाटल्या? रात्री किती वेळा जाग आली?

यातली दोन तासांनंतरची नोंद फार मोलाची आहे. बधिर औषधाच्या त्या काही तासांत दुखणे बरेच उतरले असेल, तर सुई बहुधा योग्य ठिकाणी गेली आहे आणि दुखण्याचे मूळही तिथेच असावे. रात्री ते परत आले म्हणून इंजेक्शन फुकट गेले असे होत नाही. उलट त्या काही तासांतही काहीच फरक पडला नसेल, तर निदान पुन्हा तपासायला हवे. ‘जरा बरं होतं, मग परत दुखलं’ एवढे ऐकून डॉक्टरांना हे कळत नाही. वहीवरून कळते.

कागद का मागायचा?

२०१२ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या न्यू इंग्लंड कंपाउंडिंग सेंटर या औषध बनवणाऱ्या केंद्रातून गेलेल्या स्टिरॉईडच्या कुप्यांमध्ये बुरशी निघाली. मणक्याजवळ इंजेक्शन घेतलेल्या शेकडो लोकांना मेंदूच्या आवरणाचा दाह आणि इतर संसर्ग झाले. तिथल्या रोगनियंत्रण केंद्राच्या नोंदीनुसार ७५३ जण आजारी पडले, त्यांपैकी ६४ दगावले. कोणत्या रुग्णाला कोणत्या तुकडीची कुपी टोचली, याची नोंद अशा वेळी जीव वाचवते.

पुढे २३ एप्रिल २०१४ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने इशारा दिला की, मणक्यातील एपिड्युरल जागेत स्टिरॉईड दिल्यावर क्वचित, पण दृष्टी जाणे, मेंदूचा झटका, लुळेपणा आणि मृत्यू असे गंभीर परिणाम होऊ शकतात. त्यानंतर २०१५ मध्ये तिथल्या तज्ज्ञ संघटनांच्या शिफारशी प्रसिद्ध झाल्या. मानेतले एपिड्युरल एक्स-रेसारख्या चित्राच्या मदतीनेच द्यावे. ते मानेच्या पायथ्याशी द्यावे, सहाव्या-सातव्या मणक्यांमधल्या जागेच्या वर नको. आधी एमआरआयसारखी तपासणी पाहून जागा पुरेशी आहे याची खात्री करावी. मानेतल्या नसेच्या मुळाशी देताना कणीदार स्टिरॉईड वापरू नये, कारण त्याचे कण मेंदूकडे किंवा मज्जारज्जूकडे जाणाऱ्या बारीक रक्तवाहिनीत अडकू शकतात. आणि रुग्णाला गाढ गुंगी देऊ नये. सुई नसेला लागली तर ‘करंट गेला’ हे सांगण्याइतका तो जागा हवा.

हे सारे तुम्हाला घाबरवण्यासाठी सांगत नाही. नीट काळजी घेऊन दिलेली बहुसंख्य इंजेक्शने विनासायास पार पडतात. पण यातूनच तुमचे प्रश्न तयार होतात. कोणते इंजेक्शन? कोणत्या पातळीवर, कोणत्या बाजूला? औषधाचे नाव, मात्रा आणि तुकडी क्रमांक काय? यंत्राखाली पाहून देणार का? त्रास झाला तर रात्री कोणत्या नंबरवर फोन करायचा? पाच-सहा ओळींत मावेल एवढाच हा कागद आहे.

तो मागणे हा तुमचा हक्क आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने मागितल्यास उपचाराची कागदपत्रे ७२ तासांत द्यावी लागतात. समीरा कोहली खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, उपचाराचे स्वरूप, उद्देश, फायदे, पर्याय आणि महत्त्वाचे धोके समजावून घेतलेली संमतीच खरी संमती. छापील फॉर्मवर घाईत घेतलेली सही म्हणजे संमती नव्हे.

माझे काही व्यवसायबंधू म्हणतात, “सगळं सांगितलं तर पेशंट घाबरतो आणि इंजेक्शनच घेत नाही.” ओपीडीत पन्नास जण ताटकळत असताना वेळ कुठून आणायचा, हेही खरे. पण माणूस धोका ऐकून जेवढा घाबरतो, त्यापेक्षा रात्री दोन वाजता काय होते आहे ते न कळल्याने जास्त घाबरतो. मग तो मालिशवाल्याकडे जातो, नाही तर गंभीर लक्षणही ‘थोडं दुखेल असं सांगितलं होतं’ म्हणून सोसत बसतो. यातले दुसरे जास्त घातक. एक छापील कागद दोन्ही टाळू शकतो.

इंजेक्शन म्हणजे मिळालेली मुदत

शेवटी एक गैरसमज दूर करू. इंजेक्शनने झिजलेली चकती भरून येत नाही. सूज उतरते, कळ कमी होते आणि हा आराम काही आठवडे ते काही महिने टिकतो. दबलेल्या नसेची हातात येणारी कळ बहुतेकांमध्ये काळाबरोबर स्वतःहूनही कमी होते. मधला काळ सुसह्य करणे, हे इंजेक्शनचे काम. म्हणूनच बहुतेक डॉक्टर वर्षात तीन-चारपेक्षा जास्त इंजेक्शने देत नाहीत.

तेव्हा कळ कमी झाल्याबरोबर पूर्वीसारखे जुंपून घेऊ नका. त्याच दिवसांत फिजिओथेरपिस्टकडून मानेचे आणि खांद्याचे व्यायाम शिकून घ्या. पोळ्या लाटण्याचा ओटा कमरेच्या उंचीला आणा. कारागिरांनी अर्ध्या तासाने मान वर करून दोन मिनिटे उभे राहावे. बॅग दोन्ही खांद्यांवर घ्या. फोन डोळ्यांसमोर धरा. महिनाभर हे टिकले तर पुढच्या इंजेक्शनची गरज कदाचित पडणारच नाही.

इंजेक्शनची तारीख ठरली असेल तर आजच वर लिहिलेले प्रश्न एका कागदावर उतरवून घ्या. इंजेक्शन झालेले असेल आणि खांदा ठणकत असेल, तर गंभीर लक्षणांची यादी पुन्हा एकदा वाचा. त्यातले काही नसेल तर दुखऱ्या हाताखाली चादरीची घडी ठेवून झोपा आणि सकाळी वहीत पहिला आकडा लिहा. त्यातले एकही लक्षण असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी फोन उचला.